सोमवारी दरवाजा बंद होत नाही

आमच्या व्याह्यांइतका दारांवर जीव टाकणारा माणूस साऱ्या जर्मनीत नसेल, आणि उरलेल्या जगात असलाच तर तो एखाद्या देवळाचा पुजारी असेल. अशा माणसाला मी, सत्तरी ओलांडलेल्या आणि चार लोकांत शहाणी म्हणून मिरवणाऱ्या बाईनं, एका रविवारी दुपारच्या कॉफीवर बसल्या बसल्या अख्खा एक दरवाजा बक्षीस देऊन टाकला. मेवाडातल्या एका डोंगरी किल्ल्याचा. हत्तींनी धडका मारू नयेत म्हणून त्यांच्या कपाळाच्या उंचीवर हातभर लांब खिळे ठोकलेला. "तो रोज संध्याकाळी बंद करतात," मी ठणकावून सांगितलं. "मी स्वतः ऐकलंय. सूर्य बुडाला की आठ शिपाई खांदा लावतात, आणि मग असा आवाज होतो की डोंगरावरची झाडून सगळी कबुतरं उडतात." इथे मी थांबायला हवं होतं, पण थांबणं माझ्या पत्रिकेतच नाही. मी तो आवाज तोंडानं काढूनही दाखवला. व्याह्यांचा केकचा काटा हवेतल्या हवेत राहिला. खरी गोष्ट अशी की तो दरवाजा बंद होताना मी कधी ऐकला नव्हता, पाहिला नव्हता, आणि उघडासुद्धा धड पाहिला नव्हता. (किल्ल्याचं नाव मी सांगणार नाही. तिथे आता माझी ओळख झाली आहे.)

ही थाप काही त्या रविवारची नव्हे. ती माझ्या लग्नाच्या वयाची आहे. लग्न झाल्या झाल्या आम्ही दोघं सहलीच्या बसनं राजस्थानात गेलो होतो. मी नायलॉनच्या साडीत, डोळ्यांवर बशीएवढा गॉगल आणि पायात उंच टाचांच्या चपला. डोंगरी किल्ला चढायला याहून योग्य पोशाख त्या काळी पुण्यात दुसऱ्या कुणाला सुचला नसता. पायथ्याशी आमचं कचोरीवरून भांडण झालं. ह्यांनी दोघांत मिळून एकच कचोरी घेतली होती, आणि माझं म्हणणं असं की नवा नवरा आहे तोवर तरी माणसानं दोन घ्याव्यात. मी फुगून बसमध्येच बसले. हे एकटे वर जाऊन आले आणि घाम पुसत म्हणाले, "काय दार आहे गं!" एवढाच माझा ऐतिहासिक पुरावा. पण घरी आल्यावर पाहते तर माझ्या मोठ्या जाऊबाई काश्मीरहून आलेल्या आणि सकाळ-संध्याकाळ माजघरात शिकारा वल्हवतायत. बर्फापुढे कचोरी कशी टिकणार? मग मी दरवाजा बाहेर काढला. पहिल्यांदा तो नुसताच मोठा होता. संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत त्याला खिळे आले, पुढच्या दिवाळीत शिपाई आले, आणि आमची अनघा शाळेत जायला लागली तोवर तो रोज संध्याकाळी नेमानं बंदही व्हायला लागला. हे कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले असायचे. दरवाजा बंद व्हायची वेळ आली की पेपर जरासा वर उचलायचे. त्यांची हरकत ती एवढीच. पुढे ते गेले आणि एकुलता एक साक्षीदारही उरला नाही. आणि खरं सांगू का, मला स्वतःला तो आवाज ऐकू यायला लागला होता.

आता व्याह्यांकडे वळते. अनघा इंगोलश्टाटच्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आली आणि तिथल्याच एका उंच, अबोल मुलाशी लग्न करून राहिली. त्या मुलाचे हे वडील. त्यांच्या पत्नी लग्नाच्या बऱ्याच आधी गेल्या, त्यामुळे वर्षातले काही महिने मी लेकीकडे असते तेव्हा त्या घरात म्हाताऱ्या माणसांची बाजू आम्ही दोघंच लढवतो. व्याह्यांनी त्याच कारखान्यात उभी हयात काढली ती गाडीच्या दारात. म्हणजे दार लावल्यावर जो आवाज येतो, तो कसा यावा हे ठरवण्यात. त्यासाठी म्हणे एक खोली होती, तिच्यात बाहेरचा श्वासही शिरत नसे, आणि तिथे हे दिवसभर दारं लावायचे आणि ऐकायचे. साखरपुड्यात माझ्या भावाला हे कळलं तेव्हा त्यानं मला बाजूला ओढलं. "म्हणजे ताई, दारं लावायची नोकरी?" म्हटलं, हो. "पेन्शन आहे?" म्हटलं, आहे. भावानं हातातला पेढा खाली ठेवला. मग म्हणाला, "आपण उगाच बँकेत घासली." व्याह्यांना मात्र या कामात विनोद दिसत नाही. "गाडी घ्यायला आलेल्या माणसाला इंजिनातलं काही कळत नसतं," ते सांगतात. "तो सगळ्यांसारखा आरशात बघतो, सीटवर बसतो, आणि मग दार लावतो. त्या आवाजावर तो ठरवतो, ही गाडी माझ्या मुलांना सांभाळेल की नाही." आमचं हे सगळं बोलणं इंग्रजी, जर्मन आणि हातवारे अशा तीन भाषांत चालतं. इथे मी ते मराठीत लिहिते आहे, आणि मला वाटतं मराठी त्यांना शोभते.

कुणाच्याही घरी गेले की ते आधी दाराला भेटतात, मग माणसांना. दार उघडायचं, लावायचं, पुन्हा उघडायचं, बिजागरीवर बोट फिरवायचं, आणि मग "गूटन टाग." कोटाच्या खिशात बोटभर लांबीची तेलाची बाटली असते. लग्नासाठी पुण्याला आले तेव्हा आमच्या सोसायटीतल्या फ्लॅटच्या दाराशी ते इतके रमले, की दाराची उघडझाप ऐकून समोरचे बाहेर आले. मग त्यांचं दार तपासणं ओघानंच आलं. संध्याकाळपर्यंत व्याह्यांनी आमच्या मजल्यावरची सगळी दारं मुकी केली होती, चार घरचा चहा घेतला होता, आणि एका घरची कडी बदलली होती. त्या घरच्या काकूंनी मला नंतर ऐकवलं, "तुमच्या व्याह्यांनी केलं ते ठीक आहे हो, पण आता सून कधी बाहेर जाते ते कळत नाही!" लग्नात मंगलाष्टकं सुरू व्हायची वेळ झाली आणि वराचे वडील गायब. सापडले कुठे, तर मुलीच्या खोलीच्या दाराशी, गुडघ्यावर, सोवळ्यात. दार कुरकुरत होतं आणि त्यांच्या मते नवरी अशा आवाजातून बाहेर येणं बरं नव्हे. अक्षता त्यांनी तेलकट हातानं टाकल्या.

घरात बसल्या बसल्या ते खालच्या पार्किंगमधली वार्तापत्रं देतात. "वरच्या मजल्यावरच्या बाईंना नोकरी लागली." कुणी सांगितलं? "दारानं." खिडकीतून पाहावं तर बाई खरोखर केकचा खोका घेऊन येत असतात. एकदा म्हणाले, "शेजारच्या नवरा-बायकोचं भांडण मिटलं, पण तिच्या बाजूनं नाही." आठवडाभरानं ती आईकडे निघून गेली. मला तर हे सगळं चेटूक वाटायचं. आणि माझ्यावर त्यांचा खास राग, कारण मी गाडीचं दार आपटते. त्यात माझा काय दोष? आमच्या जुन्या गाडीचं दार कंबर फिरवून हाणल्याखेरीज लागायचंच नाही. तो हात अंगात मुरला. व्याह्यांच्या गाडीत मी पहिल्यांदा बसले आणि माझ्या परीनं बेतानंच दार लावलं, तर त्यांनी छातीवर हात ठेवला. "फ्राउ विहीणबाई," ते म्हणाले, "ते दार आहे. शत्रू नाही." मुलाच्या सासूसाठी त्यांच्या बोलण्यात काही शब्दच नव्हता म्हणून अनघानं त्यांना 'विहीणबाई' शिकवला. तो त्यांना इतका आवडला की त्यांनी त्याला पुढून 'फ्राउ' लावून आणखी घट्ट केला. तेव्हापासून गेली बारा-पंधरा वर्षं मी दार आपटते आणि ते छातीवर हात ठेवतात. आमचं हे नातं फार सुखाचं चाललं होतं.

मागच्या हिवाळ्यात एकदा बाजारातून आलो. मी सवयीनं दार हाणलं आणि त्यांचा हात छातीवर गेलाच नाही. पिशव्या उचलून पुढे चालू लागले. मी तिथेच उभी राहिले.

नंतर त्या कॉफीच्या रविवारी त्यांनीच सांगितलं. ट्रेन उशिरा आहे असं सांगावं तशा आवाजात. उजवा कान जवळजवळ गेलाय, डावाही त्याच्या मागोमाग निघालाय. म्युनिकचे डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करून आत यंत्र बसवू. बोलणं कळेल, फोन घेता येईल. पण आजवर जे जसं ऐकलं ते तसं राहील याची खात्री नाही, आणि तारीख लवकरच ठरायची आहे. आमची नात, जी माझ्या प्रत्येक मराठी प्रश्नाला जर्मनमध्ये उत्तर देते, तिनं आपला केक त्यांच्या बशीत सरकवला. व्याही केकचे चुरे बोटानं गोळा करत म्हणाले, "तक्रार नाही. लहान दारं पुष्कळ ऐकली. एखादं खूप मोठं दार आपल्या कानांनी ऐकायचं राहिलं, इतकंच." आता सांगा, कुणी काय करावं? माझ्याकडे एक होतं. मी देऊन टाकलं.

मला वाटलं, म्हातारा माणूस, विसरेल. पण जर्मन माणूस कॉफीनंतर विसरत नाही, कॅलेंडर काढतो. "आल्झो, मग ठरलं," ते म्हणाले, "फेब्रुवारी." मी धुळीचं भय घातलं, पाण्याचं घातलं, माकडांचं तर फारच घातलं. प्रत्येकाला त्यांनी "गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणून मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी माकडांसाठी छत्री घेऊन आले. अनघानं आमच्याबरोबर यायला रजा टाकली. विमानतळावर तिनं मला खिंडीत गाठलं. "आई, तू खरंच ऐकलंयस ना ते?" "म्हणजे काय!" मी म्हटलं. "चांगले आठ शिपाई होते." ती माझ्याकडे पाहत राहिली. बापावर गेलीये. पेपर नव्हता हातात, एवढंच.

किल्ल्याची वाट वळणं घेत वर चढते. दरवाज्याला तिथे पोळ म्हणतात. आमच्या गाडीनं शेवटचं वळण घेतलं आणि ती पोळ समोर आली. माझ्या थापेपेक्षा मोठी. इतक्या वर्षांत मी तिला किती वाढवली होती, तरी कमीच पडली होती. वरची कमान काळवंडलेली, बाजूच्या कोनाड्यात शेंदूर फासलेला देव, आणि दाराच्या दोन फळ्या, जाडजूड, लोखंडी पट्ट्यांच्या, ते सगळे खिळे बाहेर काढून दोन्ही अंगांच्या भिंतींना टेकलेल्या. मधून डांबरी रस्ता. त्या रस्त्यानं रिक्षा चालल्यात, मोटारसायकली चालल्यात, डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या बायका चालल्यात, कारण आत गडावर अजून वस्ती आहे. आणि डावीकडच्या फळीच्या कडीला एक शेळी बांधलेली.

व्याही गाडीतून उतरून फळीपाशी गेले. मी उतरून पहाऱ्यावरच्या माणसापाशी. तो प्लास्टिकच्या खुर्चीत ऊन खात बसला होता. मी हळूच विचारलं, "भैया, ये शाम को बंद करते हैं ना?" त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग शेळीकडे. "माताजी," तो म्हणाला, "ये तो मेरे दादाजी ने भी बंद नहीं देखा."

मागे वळते तर व्याही उभे. "किती वाजता?" त्यांनी विचारलं. डावा कान माझ्याकडे वळवलेला, चेहरा पहिल्या दिवशी शाळेत निघालेल्या मुलाचा. त्या चेहऱ्यापुढे खरं बोलायला जी छाती लागते ती माझ्याजवळ नव्हती. लबाडी मात्र होती, ती तत्परतेनं धावून आली. "आज सोमवार ना," मी म्हटलं. "सोमवारी बंद करत नाहीत."

"आख सो!" व्याह्यांचा चेहरा उजळला. "रूहेटाग!" इंगोलश्टाटात सोमवारी न्हावी बंद, संग्रहालय बंद, कोपऱ्यावरची खानावळ बंद, आणि दारावर पाटी, रूहेटाग, आज विश्रांती. त्यांनी शिपायांच्या साप्ताहिक सुट्टीला मनापासून मान डोलावली. "बरोबर आहे. एवढं जड काम." मग म्हणाले, "हरकत नाही. उद्या मंगळवार आहे. थांबू."

अनघानं मला छत्रीसकट एका बुरुजाआड नेलं. "आई! उद्या काय सांगणारेस? संकष्टी?" मी म्हटलं, तसं काही सुचलं तर बघू. "हसू नकोस. त्यांनी यासाठी ऑपरेशन पुढे ढकललंय, माहितीये तुला? डॉक्टर नको म्हणत होते." हे मला माहीत नव्हतं. माझं हसू तिथल्या तिथे आटलं. "उद्या सूर्य बुडायच्या आत तू त्यांना सांगायचंस," ती म्हणाली. "तू. मी नाही."

मंगळवारी व्याही टाय बांधून आले. कारखान्यात नव्या दाराची शेवटची परीक्षा असली की म्हणे टाय बांधायची रीत होती. दरवाज्याच्या आत पहारेकऱ्यांसाठी दगडी ओटा आहे, त्यावर ते दुपारपासूनच बसले. डावा कान दाराकडे, डोळे मिटलेले, हात गुडघ्यांवर. मी शेजारी, चहाचा थर्मास घेऊन. येणारी-जाणारी पोरं त्यांच्याबरोबर फोटो काढून घेत होती, त्यांना पत्ता नव्हता. मी आपली बोलत होते. हवेबद्दल बोलले, इथल्या दाण्यांच्या तेलाबद्दल बोलले, माझ्या जाऊबाईंच्या काश्मीरबद्दल बोलले. अपराधी माणूस गप्प बसला की पकडला जातो, असा माझा अनुभव आहे. ऊन कमानीवरून सरकत वर गेलं. अनघा समोरच्या कठड्यावरून माझ्याकडे एकटक बघत होती. पहाऱ्यावरच्या भैयानं खुर्ची उचलून आत नेली. शेळीला कुणीतरी सोडून घरी नेलं. आणि आकाश लाल झालं, तेव्हा माझ्याकडे विषय उरला नाही.

मी सांगितलं. सगळं, एका दमात. की हा दरवाजा कुणी बंद करत नाही, कधीच करत नव्हते, शिपाई नाहीत, कबुतरं माझी, आवाज माझा. की मी त्या दिवशी खाली बसमध्ये फुगून बसले होते, एका कचोरीसाठी. की तुम्ही यासाठी ऑपरेशन लांबवलंत आणि मी तुम्हाला हजारो मैल आणून एका उघड्या दारापाशी बसवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी ती गोष्ट आवाज न काढता सांगितली.

व्याही डोळे न उघडताच म्हणाले, "हो, हो. ते काल आलो तेव्हाच कळलं. फळीचं खालचं टोक ज्या दगडात फिरतं, तिथे गवत उगवलंय. रस्ता तर फळीच्या तळापेक्षा वीतभर वर आलाय."

"मग ते रूहेटाग?"

"तुम्ही इतक्या ऐटीत सांगितलंत. मोडवेना."

"आणि आज हा टाय? दुपारपासून हे बसणं?"

त्यांचं उत्तर सांगण्याआधी पुढचं सांगून टाकते. ऑपरेशन वसंत सरता सरता झालं. नीट झालं. आता ते फोनवर बोलतात, नातीचं जर्मन त्यांना कळतं, आणि मी म्हणे पत्र्याच्या डब्यात बसून बोलते. दारं मात्र सगळी सारखीच 'टक्' करतात असं एकदा म्हणाले. मग तो विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. कोटाच्या खिशातली तेलाची बाटली अजून आहे. परवा मी गाडीचं दार अलगद लावलं, अगदी बोटानं, आणि कुणालाच काही कळलं नाही. म्हणून त्या संध्याकाळी त्यांनी मला दिलेलं उत्तर मी शब्दही न बदलता लिहून ठेवते आहे. एक मोटारसायकल कमानीखालून गेली, तिच्यामागे गवताचे भारे घेतलेल्या दोघी हसत गेल्या. त्या पार आत जाईपर्यंत त्यांनी ऐकलं, आणि मग म्हणाले:

"बंद होणारं दार एकदा वाजतं, फ्राउ विहीणबाई, आणि संपतं. हे काल दुपारपासून वाजतंय. गाडी शिरली की वेगळं, शेळी शिरली की वेगळं, बायका हसल्या की आणखी वेगळं. इतकी वर्षं त्या खोलीत बसलो, मला हे कुणी सांगितलंच नाही. आता जरा गप्प बसा. अजून थोडा उजेड आहे, लोक घरी यायचेत."